प्रायॉरिटी डेट फेब्रुवारी २०१५ : रांग हलत नाही तोवर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नवरा अमेरिकेत, न्यू जर्सीत एच-१बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), ग्रीन कार्डाच्या रांगेत ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) वर्गात प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतल्या जागेची तारीख, फेब्रुवारी २०१५, आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज, केव्हाच मंजूर. बायको एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी करते. मुलगी १७ वर्षांची, जन्म पुण्याचा. मुलगा ९ वर्षांचा, जन्म इथलाच. वडील सांगलीला, तब्येत खालावलेली. "इतकी वर्षं थांबलोय, अजून किती? काही करून हे लवकर होईल का? तोवर नोकरी बदलावी का, घर घ्यावं का, की सगळं गुंडाळून परत जावं?"

मी बरीच वर्षं हीच वकिली करतोय, त्यामुळे आधी कडू घोट देतो. ग्रीन कार्डाचा उशीर दोन प्रकारचा असतो. एक रांगेचा: व्हिसा नंबरच (वर्षाच्या कोट्यातली जागाच) शिल्लक नाही, म्हणून थांबायचं. दुसरा टेबलावरचा: नंबर आहे, अर्ज आत गेलाय, पण फाइल कोणी उघडत नाही. दुसऱ्या प्रकारात पाठपुरावा चालतो, खासदाराचं कार्यालय चालतं, वेळ पडली तर कोर्टही चालतं. पहिल्या प्रकारात यातलं काहीही चालत नाही. तुम्ही पहिल्या प्रकारात आहात. जो कोणी पैसे घेऊन तुमची तारीख "पुढे सरकवून" देतो म्हणेल, त्याला दारातूनच परत पाठवा.

रांग का हलत नाही ते एकदा आकड्यांत पाहा. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला किमान १,४०,००० ठरवली. त्यातली ईबी-२ ला २८.६ टक्के, म्हणजे साधारण ४०,०००. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्के. हिशेब केला तर भारतासाठी ईबी-२ मध्ये वर्षाला जेमतेम २,८००, आणि त्यात नवरा, बायको, मुलं सगळी आली. म्हणजे कुटुंबं हजार-दीड हजार. इतर देशांचे न वापरलेले नंबर उरले तर ते जुन्या तारखेच्या भारतीयांकडे येतात, आणि कधी कधी रांग अचानक धावते ती त्यामुळे. कोविडच्या काळात कुटुंबवर्गातले नंबर वाया न जाता इकडे आले, वार्षिक कोटा २,६०,००० च्या वर गेला, आणि सप्टेंबर २०२२ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेपर्यंत नंबर आला ते सांगणारं सरकारी मासिक पत्रक) भारताची ईबी-२ तारीख १ डिसेंबर २०१४ ला पोहोचली. पुढच्याच महिन्यात ती १ एप्रिल २०१२ वर आली आणि डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ ची (त्याखालच्या वर्गाची) फायलिंग तारीख, म्हणजे अर्ज भरता येण्याची तारीख, १ जानेवारी २०१५ झाली होती, तेव्हा हजारो लोकांनी ईबी-२ मधून ईबी-३ मध्ये उडी मारून आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा स्वतःचा शेवटचा अर्ज, भरून घेतलं. तुमची तारीख दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. त्या अर्जावर मिळणारं ईएडी तुमच्या मित्रांच्या हातात आलं आणि तुमच्या नाही, यात तुमच्या वकिलाचा दोष नाही.

म्हणूनच "माझा नंबर कधी" या प्रश्नाला मी वर्ष सांगत नाही. ऑनलाइन कॅल्क्युलेटर शंभर-दीडशे वर्षांचे आकडे दाखवतात, कोणी पाच वर्षं म्हणतं. रांग सरळ रेषेत चालत नाही, मग सरळ रेषेचं गणित कसं बरोबर येणार? बुलेटिन महिन्यातून एकदा निघतं, ते एकदाच पाहा. व्हॉट्सअॅपवरच्या भाकितांच्या गटातून बाहेर पडलात तर झोप सुधारेल, हे मी पैसे न घेता सांगतो.

कायदा बदलेल या आशेवरही निर्णय टांगू नका. देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याची वेगळी आवृत्ती मंजूर केली. दोन्हींचा मेळ काही बसला नाही आणि विधेयक बारगळलं. संघटित आवाजाचा उपयोग होत नाही असं मात्र नाही. जुलै २००७ मध्ये सरकारने आधी सगळ्या तारखा खुल्या केल्या आणि महिना उजाडताच दार लावलं, तेव्हा आपल्या लोकांनी गांधीगिरी करत यूएससीआयएसच्या (हे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याच्या) संचालकांना फुलं पाठवली. ती फुलं त्यांनी वॉल्टर रीड रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे वळवली. पण आंदोलन, खटले आणि बातम्या मिळून दोनेक आठवड्यांत सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. असं होतं, पण ते वेळापत्रकात लिहिता येत नाही.

आता तुमच्या घरातला खरा तातडीचा विषय. तो तुम्ही प्रश्नात ओझरता लिहिला आहे: मुलगी. बाकी सगळे थांबू शकतात, तिला २१ हे वय आहे. त्या दिवशी ती तुमच्या अर्जातून बाहेर पडते आणि तिचं एच-४ ही संपतं. सीएसपीए हा मुलांच्या वयाबाबतचा कायदा थोडी सवलत देतो: ज्या महिन्यात तुमची तारीख लागते, म्हणजे नंबर येतो, त्या महिन्याच्या पहिल्या दिवशीचं तिचं वय धरायचं, आणि त्यातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस वजा करायचे. उत्तर २१ च्या आत आलं तर ती वाचते, पण तारीख लागल्यापासून वर्षाच्या आत तिचा अर्ज जायला हवा. यातली गंमत अशी की ज्यांनी जलद निकालासाठीचं प्रीमियम शुल्क भरून आय-१४० पंधरा दिवसांत मंजूर करून घेतली, त्यांच्या मुलांना वजाबाकीला दिवसच मिळत नाहीत. साध्या मार्गाने सहा-आठ महिने लागले असतील तर तेच आता कमाई ठरतात. म्हणून जुन्या फाइलमधली आय-१४० ची पावती आणि मंजुरीची नोटीस काढा आणि दोन तारखांमधले दिवस मोजा. पुढे नवी आय-१४० भरायची वेळ आली, तर मुलांचं वय विचारात घेतल्याशिवाय प्रीमियमच्या चौकटीत खूण करू नका.

आणखी एक पेच आहे. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात: अर्ज भरता येण्याची तारीख आणि प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मिळण्याची तारीख. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएससीआयएसने ठरवलं होतं की मुलांचं वय पहिल्या, म्हणजे ज्यात तारखा पुढे असतात त्या तक्त्यावरून गोठवायचं. १५ ऑगस्ट २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ते लागू नाही. आता वय दुसऱ्या तक्त्यावरच गोठतं. त्यामुळे उद्या तुम्हाला आय-४८५ भरायची संधी मिळाली तरी मुलगी सुटली असं समजू नका.

माझा सल्ला स्पष्ट आहे: तिच्या बाबतीत तारीख लागणार नाही असं धरूनच आखणी करा. लागली तर आनंद. तिला २१ च्या आधी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी दर्जावर, न्यावं लागेल. ते अगदी विसाव्या वर्षाच्या शेवटी करण्यापेक्षा कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी केलेलं मला बरं वाटतं, कारण एच-४ वर तिला पगारी इंटर्नशिप करता येत नाही आणि एफ-१ वर अभ्यासक्रमाला जोडून करता येते. उलट बाजू अशी की काही विद्यापीठं एफ-१ झाल्यावर राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याची फी लावतात. हे राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक बदलतं, म्हणून प्रवेश घेण्याआधी तिथल्या रेसिडेन्सी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. केंद्र सरकारची आर्थिक मदत दोन्ही दर्जांवर मिळत नाही. आणि एफ-१ वर गेल्यावर तिने उगाच मुंबईला जाऊन स्टँपिंग (पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेणं) करू नये. "शिक्षण संपल्यावर परत येणार" हे तिने अधिकाऱ्याला पटवायचं, आणि अख्खं घर तर इथे. हे अवघड जातं.

हे सगळं तिच्याशी बोला. माझ्या खुर्चीसमोर बसलेली किती तरी मुलं असतात ज्यांना विसाव्या वर्षी पहिल्यांदा कळतं की आपण इथले नाही. आईवडिलांनी काळजीपोटी लपवलेलं असतं. कॉलेज निवडण्याआधी तिला माहीत असेल तर ती विषय, शहर, अगदी कॅनडासुद्धा डोळे उघडे ठेवून निवडेल.

वहिनींचा जन्म कुठला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हा प्रश्न मी प्रत्येक जोडप्याला विचारतो. कोटा नागरिकत्वावर नाही, जन्मस्थळावर मोजला जातो, आणि जोडीदाराचं जन्मस्थळ वापरता येतं. आपल्याकडे आखाती देशांत नोकरी केलेली कुटुंबं कमी नाहीत. कुवेत, मस्कत, दुबईला जन्मलेली मुलगी पुढे पुण्यात वाढलेली असते, पासपोर्ट भारताचा असतो, आणि घरात कोणाच्या ध्यानातही नसतं की तिच्या जन्मदाखल्यावर तुमची भारताची रांगच संपते. मुलाच्या जन्मस्थळाचा मात्र असा उपयोग होत नाही. तुमचा मुलगा २१ वर्षांचा झाल्यावर आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल, आणि त्या वर्गाला कोटाच नाही. म्हणजे बारा वर्षांनी. हे मी हसत सांगत असलो तरी काही घरांत तेच आधी होईल.

नोकरीचं. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले की जुन्या कंपनीने ती मागे घेतली तरी, फसवणूक किंवा गंभीर चूक नसेल तर, तुमची प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते. आणि एच-१बीला सहा वर्षांपुढे तीन-तीन वर्षांची मुदतवाढही त्याच मंजुरीवर मिळत राहते. जानेवारी २०१७ चा नियम हे स्पष्ट करतो. तरीही "सोडलंस तर आय-१४० रद्द करू" या धमकीला घाबरून दहा-दहा वर्षं त्याच खुर्चीत बसलेले लोक मी पाहतो. पगार गोठलेला, बढती नाही, तंत्रज्ञान जुनं होत चाललेलं. धमकी पोकळ आहे. नवी कंपनी पर्म (त्या पदासाठी कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पुन्हा करेल, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी घ्या आणि जुन्या आय-१४० च्या मंजुरीची प्रत स्वतःजवळ ठेवा. पर्मला आता वर्षाहून अधिक लागतं, पण तुमची तारीख अजून लागलेली नाही, तेव्हा तो वेळ तुम्हाला आहे. तारीख अगदी उंबरठ्यावर आली असेल तेव्हा मात्र उडी मारू नका. आय-४८५ भरून १८० दिवस होऊ द्या, मग त्याच प्रकारच्या कामावर दुसरीकडे जाता येतं.

नोकरी गेली तर ६० दिवस, किंवा आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) संपेपर्यंत, जे आधी असेल ते. हे दिवस कामाच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. कंपनीने तीन महिन्यांचे पैसे दिले म्हणून घड्याळ थांबत नाही. पूर्वी लोक भारतात जाऊन तिथून नव्या कंपनीचा अर्ज करून परत यायचे. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनंतर अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा हाती नसलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा आला. त्यामुळे त्या ६० दिवसांत इथे राहूनच मार्ग काढणं महत्त्वाचं झालंय.

वहिनींच्या ईएडीकडे आजच लक्ष द्या. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवसापासून काम बंद. १८० दिवस आधी अर्ज भरता येतो, म्हणजे त्याच आठवड्यात भरायचा. पण एच-४ ची मुदत एच-१बीला बांधलेली असल्यामुळे आधी तुमच्या कंपनीला मुदतवाढीच्या मागे लावावं लागेल. त्यांच्या एचआरला कळवा आणि वहिनींना त्यांच्या साहेबांशी बिनपगारी रजेबद्दल आधीच बोलून ठेवायला सांगा. दोघांच्या पगारावर बेतलेलं घराचं कर्ज घेऊ नये ते याचसाठी. एका पगारात हप्ता निघत असेल आणि सहा महिन्यांची शिल्लक असेल तर घर जरूर घ्या. ग्रीन कार्डची वाट पाहत मुलांचं सगळं बालपण भाड्याच्या दोन खोल्यांत काढणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

वडिलांबद्दल. पासपोर्टवरचा व्हिसा चालू असेल तर तिकीट काढा आणि जा, यात विचार करण्यासारखं काही नाही. व्हिसा संपलेला असेल तर परतीसाठी स्टँपिंग लागेल, आणि तिथे सध्या वेळ धरवत नाही. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्सची सोय एच-१बीसाठी बंद झाली, अर्ज आपल्या देशातच करायचा, आणि त्या डिसेंबरपासून समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाल्यावर अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती महिनोन्महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नाला म्हणून दोन आठवड्यांसाठी गेलेली माणसं तिकडे अडकली. म्हणून चौघांनी एकदम जाऊ नका. एकाने जावं, दुसऱ्याची नोकरी आणि मुलांची शाळा इथे चालू राहावी. कंपनी भारतातून किती आठवडे काम करू देईल ते निघण्यापूर्वी लेखी विचारा. आणि एवढं सगळं सांगूनही: वडिलांची अवस्था गंभीर असेल तर जा. अडकलात तर नोकरीचं नुकसान होईल, ते भरून निघतं.

परत येताना एका छोट्या गोष्टीने मोठा घोळ होतो. पासपोर्ट वर्षभरात संपणार असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, एच-१बी पुढे दोन वर्षं मंजूर असली तरी. लोक कंपनीच्या कागदावरची तारीख धरून बसतात आणि नकळत मुदतीबाहेर राहतात. उतरल्यावर त्याच दिवशी आय-९४ डाउनलोड करून प्रत्येकाची तारीख पाहा, मुलीचीसुद्धा.

सांगलीला गेलात की आणखी एक काम उरकून या: कागद. तारीख लागल्यावर आपल्या लोकांच्या फाइली ज्या कारणाने अडतात ते बहुतेक वेळा नाव आणि जन्म हेच असतं. आपल्या पिढीच्या जन्मनोंदीत नावाची जागा कोरी असते, कारण नोंद आधी झाली आणि बारसं नंतर. नुसतं "पुरुष" किंवा "स्त्री", आईवडिलांची नावं आणि तारीख. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसं अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्या, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि तुमच्या जन्माच्या वेळी जाणत्या वयाच्या असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तारीख लागेपर्यंत ती असतीलच असं नाही, म्हणून ही सही यंदाच घ्या. बायकांच्या बाबतीत गुंता जास्त: माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधलं नाव एकदा वडिलांचं एकदा नवऱ्याचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. दाखला एका नावाचा, पदवी दुसऱ्या, पासपोर्ट तिसऱ्या. ही सगळी एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद असेल तर तिची प्रत जोडून ठेवा. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्रही. लग्नाची नोंदणी नुसत्या पत्रिकेवर आणि फोटोंवर भागवली असेल तर तीही करून घ्या. वैद्यकीय तपासणीची घाई मात्र करू नका. ती आय-४८५ बरोबरच द्यायची असते आणि त्या अर्जापुरतीच चालते.

पुढे कधी तारीख लागली, अर्ज गेला, आणि तारीख लागलेली असूनही फाइल हलली नाही, तर तो टेबलावरचा उशीर. तेव्हा क्रम असा: यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर तुमच्या अर्जाची नेहमीची मुदत उलटली की चौकशी नोंदवायची, मग तुमच्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात संमतीपत्र भरून द्यायचं (तुम्ही मतदार नसलात तरी ते मदत करतात), आणि वर्ष-दीड वर्ष काहीच झालं नाही तर फेडरल कोर्टात मँडेमस, म्हणजे खात्याला निर्णय द्यायला लावणारा दावा. कोर्ट "निर्णय द्या" एवढंच सांगू शकतं, "होकार द्या" असं नाही, आणि कोटा वाढवणं तर त्याच्या हातातच नाही. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचं. कितीतरी नोटिसा जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतात आणि अर्ज नामंजूर होतो.

ईबी-१ चं (असामान्य कामगिरीवाल्यांच्या, वरच्या वर्गाचं) विचारलेलं नाहीत, पण विचाराल. खरोखर वरच्या पातळीचं काम असेल, शोधनिबंध, पेटंट, मोठी जबाबदारी, तर वकिलाकडून तपासून घ्या. जुनी तारीख तिकडेही नेता येते. मात्र पैसे देऊन पुरस्कार, पैसे देऊन परीक्षक, पैसे देऊन लेख, हा जो बाजार सुरू झालाय त्यात पाय टाकू नका. फसवणुकीचा शिक्का बसला तर ईबी-२ ची वर्षंही जातील. कॅनडाचा विचार असेल तर तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी कमी होत जातात आणि ४५ ला शून्य होतात. जुलै २०२३ मध्ये त्यांनी एच-१बीवाल्यांसाठी १०,००० जागांची खास योजना काढली, ती दोन दिवसांत भरली. तुमच्या वयाला तो मार्ग बहुधा उशिराचा आहे, पुढे मुलीला मात्र उपयोगी पडू शकतो.

परत जाण्याबद्दल. ते हार मानणं आहे असं मला कधीच वाटलं नाही. कायद्याच्या भाषेत ग्रीन कार्ड भविष्यातल्या नोकरीसाठी असतं, त्यामुळे भारतात राहूनही प्रायॉरिटी डेट जिवंत राहते आणि कंपनी तयार असेल तर मुंबईच्या वकिलातीतून प्रक्रिया करता येते. जायचं तर मुलीची बारावी इथे पूर्ण झाल्यावर, मुलगा सहावीच्या आत असताना सोपं. नंतर भाषा आणि अभ्यासक्रम दोन्ही जड जातात. मुलाचं ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) काढलेलं नसेल तर ते आत्ताच काढा, कारण सांगलीला तातडीने जायची वेळ आली तर अमेरिकन पासपोर्टवर त्यालाच व्हिसा लागेल.